थेंब मोजणाऱ्या मुली

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या काचा धुते आहे. अमरावतीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी परिचर आहे. विद्यार्थी मावशी म्हणतात. सकाळी द्रावणं करून बाटल्या भरायच्या, ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायच्या लांब नळ्या, स्टँडला लावायच्या, दुपारी सगळं धुऊन पालथं घालायचं. कुठल्या थेंबाला रंग बदलणार ते मला चार पावलांवरून कळतं. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक चहा पिता पिता हळूच विचारतात, मावशी, आज उत्तर किती येतंय? मी सांगते. शिकवायला मात्र मला कधी कोणी बोलावलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नव्हतं. बारावी झाल्यावर लग्न झालं, लग्नानंतर नोकरी लागली, एवढीच माझी विद्या.

माहेर बाळापूरकडचं. नदीच्या काठाला आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तोच शब्द. आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं, म्हणून घर चाललं. तिथून उत्तरेला दोन-चार कोस गेलं की खारपाणपट्टा लागतो. जमीन तशीच काळी, तशीच भारी, पण खालचं पाणी खारट. तिथे दिलेल्या माझ्या आत्याच्या घरी चहा फाटायचा आणि तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत राहायची. लहानपणी मला वाटायचं की आत्याला स्वयंपाक येत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलींचं एक वसतिगृह आहे. शेतमजुरांच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली तिथे राहून शिकतात. काही मेळघाटातल्या, बऱ्याचशा खारपाणपट्ट्यातल्या. तिथल्या गृहपालबाई माझ्याच वयाच्या. मनानं चांगल्या, पण संस्थेच्या सचिवांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना घाबरणाऱ्या. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी मी कॉलेजातून टाकून दिलेले, कडा उडालेले बीकर पिशवीत घालून घरी आणत होते. त्यांनी ते पाहिले आणि फाटकातच थांबवलं. मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असतं, मुली प्रयोग गाइडातून उतरवून काढतात, तुम्ही रविवारी थोडं दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. मी शिक्षिका नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, शिक्षक नकोच आहे, हाताला सवय असलेलं माणूस पाहिजे.

पहिल्या रविवारी मुली व्हरांड्यात ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर वही. मी सतरंजीवर बीकर, नळ्या, चिमटे मांडले आणि घ्या म्हटलं. कोणी हात पुढे केला नाही. लिहून काय घ्यायचं, ते विचारलं. मी म्हटलं, लिहायचं काहीच नाही, उचला.

मागच्या ओळीतून एक मुलगी म्हणाली, "फुटलं तं?"

"फुटलं तं फुटलं. कॉलेजातले पोट्टे रोज फोडतात."

ती उठून आली आणि तिनं बीकर उचलला. उजेडाकडे धरून त्यावरचे आकडे वाचले. नववीत एकदा नापास झाल्यामुळे ती वर्गात सगळ्यांत वयानं मोठी होती, म्हणून बाकीच्या तिला मोठीच म्हणायच्या. मीही तेच म्हणू लागले. हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. शाळेत तिला उद्धट समजत. मला ती नुसती सरळ वाटली. त्या दिवशी तिच्या हातून नाही, दुसरीच्या हातून एक बीकर फुटला. ती रडायला लागली. मी काच झाडून घेतली आणि दुसरा बीकर तिच्याच हातात दिला.

परीक्षेतले प्रयोग दोन महिन्यांत संपले. दिवाळीच्या सुट्टीला निघताना मी मुलींना सांगितलं की घरी ज्याचं पाणी पिता त्याची एक-एक बाटली भरून आणा. विहीर असो, हातपंप असो, नळ असो. बाटलीवर गाव आणि जागा लिहा. कशासाठी, ते मलाही पुरतं ठरवता आलं नव्हतं. आत्याच्या डाळीचं डोक्यात होतं, एवढंच.

सुट्टी संपली आणि वसतिगृहाच्या कठड्यावर बाटल्यांची रांग लागली. दिसायला सगळं पाणी सारखंच, स्वच्छ. आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या मधोमध कापल्या, त्यांत एकाच ठिकाणची काळी माती भरली आणि प्रत्येकीत मेथीचे सारखे दाणे टाकले. ज्या मुलीची बाटली तिनं त्याच पाण्यानं आपली मेथी वाढवायची. पाणी पुरत नसे, मग कोणाचा बाप शहरात येणार असेल तर त्याच्याकडून कॅन मागवली जाई. बापलोकांना हे वेड वाटलं. एकानं गृहपालबाईंना विचारलं की इथे नळ नाही काय.

दोन आठवड्यांत बाटल्या बोलायला लागल्या. मेळघाटातल्या मुलीची मेथी बोटभर उंच, हिरवीगार. अंजनगावकडच्या मळ्यातल्या पाण्याची तशीच. खारपाणपट्ट्यातल्यांची खुरटलेली, टोकाला करपलेली. मोठीच्या मातीवर पांढरा थर आला होता. तिच्यात दोनच कोंब वर आले, तेही वाळले. तिनं दाणे उकरून पाहिले, बोटावर घेऊन वास घेतला. बाकीच्या आपापली मेथी मोजत, हसत होत्या. ती दाणे परत मातीत दाबत म्हणाली, "आमी हेच पेतो."

तिच्या वस्तीतल्या हातपंपावर निळ्या रंगात 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं आहे, हे तिनं तेव्हा सांगितलं. गावाच्या मुख्य भागात नळ आले होते. नाल्यापलीकडे, तिच्या वस्तीत, पाइपलाइन पोचलीच नव्हती.

मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. पाण्यातलं मीठ मोजायचा प्रयोग मी दरवर्षी कॉलेजातल्या मुलांसाठी लावते. मुलं आकडा वहीत लिहितात, वही कपाटात जाते. ते पाणी कोणी पितं का, हा प्रश्न इतक्या वर्षांत ना त्यांनी विचारला ना मी. दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं आणि सिल्व्हर नायट्रेट मागितलं. त्यांनी मुदत उलटलेली, तळाशी थोडं उरलेली तपकिरी बाटली कपाटातून काढून दिली. एवढंच म्हणाले की सांडलेलं आणि उरलेलं परत इथेच आणा, नालीत जाऊ देऊ नका.

प्रयोग सोपा आहे. मोजून घेतलेल्या पाण्यात एका पिवळ्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. ते द्रावण विषारी, म्हणून ते मी माझ्याच हातानं टाकत असे. मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडत बाटली हलवत राहायची. जोवर पाण्यात मीठ आहे तोवर पांढरट ढग उठतो आणि पिवळा रंग टिकतो. मीठ संपलं की पुढच्याच थेंबाला पाणी विटेसारखं लालसर होतं. किती थेंब लागले, ते मोजायचं. जितके थेंब जास्त तितकं मीठ जास्त. मुलींना हे एका दुपारी जमलं. कॉलेजात काही जणांना तीन वर्षांत जमत नाही.

सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडलं की तेव्हा काही दिसत नाही. ऊन लागलं की डाग काळा पडतो आणि आठ-दहा दिवस हलत नाही. मी सांगितलं होतं, पण हातमोजे मोठे होते, मुलींच्या बोटांतून गळून पडायचे. सोमवारी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत सात-आठ जणींची बोटं काळी. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय, हात धुता की नाही तुम्ही? आयुष्यभर ह्या मुलींना कोणी ना कोणी हेच विचारत आलेलं. मोठी म्हणाली, सर, ती चांदी आहे. तिला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी ती मला हे सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला अपमान शोधूनही सापडला नाही.

मग तिनं ठरवलं की हे गावात सांगायचं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा असते, तिथे. मी टाळलं. कारणं खूप दिली. परीक्षा जवळ आली आहे, ग्रामसभेत मुलींना कोण बोलू देणार, आपल्याकडे कागद नाही. खरं कारण वेगळं होतं. माझ्या निवृत्तीला अजून दहा वर्षं होती आणि कॉलेजच्या नावानं कोणी तक्रार केली तर माझं काय, हे मी मनात मोजत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी येनार नसान तं मी एकटी जातो," ती म्हणाली. "पन बाई, थेंब मोजता मोजता बोलाले जमत नाई मले."

मी गेले. गृहपालबाईंनी मोठीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना रजेची चिठ्ठी दिली, कारणाच्या जागी 'घरी' असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता शिक्का मारला. आम्ही आदल्या दिवशीच एसटीनं निघालो. मांडीवर खोका, खोक्यात चिंध्यांत गुंडाळलेली काच. शेवटचे काही किलोमीटर ऑटोनं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि भेगाळलेली काळी जमीन. गावाचं नाव मी सांगत नाही. तशी गावं तिकडे भरपूर आहेत, आणि त्या वस्तीतल्या बायांना तिथेच राहायचं आहे.

मोठीच्या आईनंही मला पहिल्याच अर्ध्या तासात तेच सांगितलं. बारीक, उन्हानं रापलेली बाई, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिनं काळा चहा दिला, कारण दूध टाकलं तर फाटतं. चांगल्या पाण्यासाठी ती सरपंचांच्या घरोब्यातल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जाते, तो हो म्हणेल त्या दिवशी दोन गुंड, म्हणजे घागरी, मिळतात, नाही म्हणेल त्या दिवशी पंपाचंच. मुलगी काय करायला आली आहे, हे कळल्यावर ती खाली बसली. "बाई, तुमी परवा जासान," ती म्हणाली. "मले मंगबी त्याइच्याच वावरात कापूस वेचाले जाचं हाये." तरी सकाळी उठून मोठीनं पंपाखाली बाटली धरली आणि भरून घेतली.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच सभा भरली. सरपंचबाई मधल्या खुर्चीत होत्या, बोलत होते त्यांचे यजमान. ग्रामसेवकांनी विषय वाचले, लोकांनी हात वर केले, चहा फिरला. आता सभा संपली म्हणायच्या बेतात असताना मोठी उभी राहिली आणि वस्तीच्या पंपाचं पाणी पिण्यासारखं नाही, आम्ही तपासलं आहे, असं म्हणाली.

ग्रामसेवकांनी विचारलं की अहवाल कुठे आहे. तिनं वही पुढे केली. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. कोणत्या लॅबची वही आहे ही, शिक्का कुठे आहे, असं ते म्हणाले. आजूबाजूला दोन-चार जण हसले.

"शिक्का नाई," मोठी म्हणाली. "पानी हाये. तुमच्या घरचंबी आना, दोनी समोर ठेवतो."

सरपंचबाईंचे यजमान म्हणाले की हा शाळेचा खेळ इथे नको, लोकांना कामं आहेत. तेव्हा सरपंचबाई पहिल्यांदा बोलल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी आपल्या सुनेला सांगितलं, जाय वो, आपल्या नळाचा तांब्या घेऊन ये. सून गेली. ती येईपर्यंत आम्ही चहाचं टेबल मोकळं करून त्यावर काच मांडली.

आधी सरपंचबाईंच्या नळाचं पाणी. मी पिवळं द्रावण टाकून बाजूला झाले. मोठीनं ड्रॉपर धरला. ती म्हणाली, मोजा. शाळेतली लेकरं पुढे येऊन बसली होती, तीच मोजायला लागली, एक, दोन, तीन. हाताची बोटं पुरली तेवढ्यातच पाणी लाल झालं. लोकांना वाटलं हाच काहीतरी दोष आहे. मोठीनं सांगितलं की नाही, लवकर लाल म्हणजे चांगलं.

मग पंपाचं पाणी. लेकरांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मघाचा आकडा मागे पडला. पिवळंच. त्याच्या दुप्पट झाले, पिवळंच. मुलं मजेत ओरडत मोजत होती, मग हळूहळू त्यांचा आवाज उतरला. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी पुढे सरकून मान लांब केली. ड्रॉपर रिकामा झाला, मी भरून दिला, पुन्हा रिकामा झाला. मला ठाऊक होतं किती थेंब लागणार आहेत, तरी मीही ओठांतल्या ओठांत मोजत होते. मुलं मोजायची थांबली, पण मोजणं थांबलं नाही. कडेला, भिंतीपाशी, वस्तीतल्या बाया उभ्या होत्या, त्या मोजत होत्या. हळू, सगळ्या एका आवाजात. त्यांत मोठीची आई होती.

शेवटी तो रंग आला. मोठीनं बाटली टेबलावर ठेवली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, "झालं. आता शिक्का तुमी मारा."

ग्रामसेवक तसे वाईट नव्हते. तरुण होते, चार गावांचा कारभार त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होता. पण त्यांना सगळ्यांसमोर हरायचं नव्हतं. ते म्हणाले, ह्यानं फक्त मीठ कळतं, पाणी पिण्यालायक आहे की नाही ते ठरत नाही. मोठीनं माझ्याकडे पाहिलं. आता मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, साहेब बरोबर बोलतात. जंतू आम्हाला तपासता येत नाहीत, बाकीचं काय काय आहे तेही नाही. म्हणून तर तुम्ही सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवा. आणि जोवर ठरत नाही तोवर पंपावर 'पिण्याचे' लिहिलेलं पुसा. माहीत नसताना तेही लिहिता येत नाही.

तुम्ही कोण, शिक्षिका का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई आहे."

कोणीतरी हसलं. आयुष्यात मी त्या हसण्याला खूपदा मान खाली घातली आहे. त्या दिवशी घातली नाही. हसणारा कोण ते शोधलं आणि तो नजर वळवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

सरपंचबाईंनी नमुना पाठवायचा ठराव लिहायला सांगितला. पुसण्याचं पाहू म्हणून राहिलं. सभा उठली. आम्ही काच आवरली, उरलेलं पाणी कॅनमध्ये भरलं आणि वस्तीकडे निघालो. पंपापाशी पोचलो तेव्हा मोठीची आई आमच्या आधीच तिथे होती. तिनं घरातला गेरू एका वाटीत कालवून आणला होता आणि चिंधीनं ती निळी अक्षरं झाकत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं पंप कोणी बसवला त्याचं नावही झाकून टाकलं. मग वाटी मुलीपुढे धरून म्हणाली, "लिही." मोठीनं त्याच्या खाली, कोऱ्या जागेवर, बोटानं लिहिलं, 'खारं पाणी. पिऊ नका.' बाया बघत उभ्या होत्या. एकीनं हळूच विचारलं की आता उद्या कामाला कोण बोलावणार. मोठीची आई म्हणाली की कापूस काय तो स्वतः वेचणार आहे काय.

आठवडाभरातच वसतिगृहाच्या सचिवांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात तक्रारीचा कागद होता. कोणाची, ते सांगितलं नाही. गृहपालबाई दाराशी उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. सचिव आवाज न चढवता बोलत होते. ह्या मुलींना आपण इथे कशासाठी ठेवलं आहे, दहावी पास व्हायला. त्यांच्या घरचे गरीब, त्यांना गावातल्या राजकारणात ओढून तुम्ही काय साधलं? पर्यावरण शिकवायचं तर झाडं लावा, भित्तिपत्रकं करा, कोणाची ना नाही.

मी म्हटलं, साहेब, मेथी लावली होती. ती उगवली नाही म्हणून पुढे जावं लागलं.

"तुम्ही शिक्षिका नाहीत, संस्थेच्या कोणी नाहीत. कोणत्या अधिकारानं येता इथे?"

"अधिकार नाही. येतं मला ते, म्हणून येते."

उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी सांगितलं. कॉलेजलाही एक पत्र गेलं. विभागप्रमुखांनी मला बसवून विचारलं की कॉलेजचं नाव कुठे वापरलं का. नाही म्हटलं. त्यांनी पत्र घडी करून खणात टाकलं आणि पुढच्या बॅचचं द्रावण झालं का ते विचारलं. त्या रात्री मी झोपले नाही असं मी म्हणू शकत नाही. मी छान झोपले. भीती गावात जायच्या आधीच वाटून संपली होती.

वसतिगृहातल्या मुलींना रविवारी दोन तास बाहेर जायची मुभा असते, बाजारहाटासाठी. पुढच्या रविवारी दुपारी माझ्या दारात नऊ मुली उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत बाटल्या. सचिवांनी त्या फेकून द्यायला सांगितल्या होत्या. मुलींनी त्या आपापल्या पेट्यांत, कपड्यांखाली ठेवल्या होत्या. मी त्यांना गच्चीवर नेलं. तेव्हापासून आमची शाळा गच्चीवर भरते. गृहपालबाई हजेरीवहीत 'बाजार' असं लिहितात. एकदा त्या स्वतःच वर आल्या, कठड्याला टेकून तासभर बसल्या आणि जाताना आपल्या माहेरच्या विहिरीचं पाणी आणू का म्हणून विचारून गेल्या.

गावाचं म्हणाल तर सगळं एकदम झालं नाही. नमुना पाठवायलाच तीन महिने लागले. सरपंचबाईंची सही घेऊन वस्तीतल्या बाया दोनदा पंचायत समितीत जाऊन बसल्या, तेव्हा गेला. अहवाल आला आणि पाणी पिण्यालायक नाही म्हणून पंपाला सरकारी लाल रंग लागला. मोठीच्या आईला त्या शेतकऱ्यानं खरंच एक हंगाम कामाला बोलावलं नाही. ती दुसऱ्या गावच्या वावरांत चालत गेली. पाइपलाइन नाल्यापलीकडे यायला त्यानंतर दीड वर्ष गेलं आणि आणखी एक सभा गेली. त्या सभेला मी नव्हते, मोठीही नव्हती. तिथे बोलल्या त्या बायाच. आता नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येतं, बारीक धारेनं. मी गेल्या वर्षी गेले तेव्हा आईनं दुधाचा चहा दिला. डाळीचं विचारलं तर म्हणाली, लवकर शिजते, पण फिक्की लागते, मीठ वरून टाका लागते.

मोठी दहावीत जेमतेम पास झाली. बारावी करून आता अकोल्याला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. भाषणं करत नाही, फोनवरही कामापुरतं बोलते. पण तिच्या खोलीवर आजूबाजूच्या गावांच्या बाटल्यांची रांग असते. घरमालकीण कुरकुर करते, असं ती सांगते. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काय, तिच्या बोरचंबी मोजून दिलं.

गेल्या जूनमध्ये सचिवांचा मला निरोप आला. वसतिगृहात पर्यावरण दिनाचा कार्यक्रम होता, मोठे पाहुणे येणार होते, तेव्हा मुलींनी तो थेंबांचा प्रयोग करून दाखवावा, फोटो चांगले येतील. एवढ्या वर्षांत काय झालं, त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही. मीही केला नाही. गच्चीवर मुलींना विचारलं. आता नवीन मुली आहेत, मोठीला त्यांनी पाहिलेलंही नाही. त्यांनी आपसांत बोलून घेतलं आणि एक सातवीतली, सगळ्यांत लहान, पुढे येऊन म्हणाली की करतो, पण पाणी आमच्या वसतिगृहाच्या टाकीचं घेऊ.

ती टाकी बोअरवर भरते. फिल्टर दोन वर्षांपासून बंद होता, मुलींचे केस झाडूसारखे ताठ झाले होते, बादल्यांना पांढरी पुटं चढली होती. मी तसाच निरोप पाठवला. सचिवांनी गृहपालबाईंमार्फत विचारलं की बाटलीबंद पाणी वापरलं तर चालणार नाही का. मुली म्हणाल्या, ते आम्ही पीत नाही. शेवटी कार्यक्रमात रांगोळी झाली, नाच झाला, पाहुण्यांनी अशोकाचं रोप लावलं. प्रयोग यादीतून निघाला आणि मुली प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत राहिल्या, जरा जास्तच जोरात. गृहपालबाईंनी मला नंतर सांगितलं की एका पाहुण्यांनी यादीवर खोडलेली ओळ बघून विचारलं, हे काय होतं, आणि सचिवांना सांगावं लागलं.

पंधरा दिवसांनी टाकी धुतली गेली. महिनाभरात नवा फिल्टर बसला. बसवणारा माणूस म्हणाला, आता एकदम मिनरल आहे, डोळे झाकून प्या. मुलींनी त्याच्यासमोरच बाटली भरून घेतली, वर तारीख लिहिली आणि रविवारी गच्चीवर आणली.